घरातल्या वडीलधाऱ्यांचा विसर आणि नाशिकची हवा : कुठून सुरुवात करायची

आमचे सासरे, आप्पा, एका सकाळी पंचवटीत भाजी आणायला स्कूटरवर गेले आणि रिक्षाने परत आले. हातात मेथीच्या दोन जुड्या, चेहऱ्यावर काहीच नाही. तासाभराने स्कूटर आठवली आणि मग ‘चोरीला गेली’ म्हणून त्यांनी घर डोक्यावर घेतलं. नवरा पोलीस चौकीत जायला निघालाच होता. मी म्हटलं, आधी बाजारात बघून या. स्कूटर होती तिथेच उभी होती, किल्लीसकट.

आप्पा पोस्टातून निवृत्त झालेत, वय ७६. आम्ही राहतो तिथून मुंबई-आग्रा महामार्गाचा सर्व्हिस रोड चाळीस पावलांवर आहे. गॅलरीतल्या तुळशीच्या पानावरून बोट फिरवलं की बोट काळं होतं. त्याच सुमारास पेपरात वाचलं की प्रदूषित हवेने म्हातारपणी स्मरणशक्तीवर परिणाम होतो. झालं, मला गुन्हेगार सापडला. त्याच आठवड्यात हप्त्यावर एअर प्युरिफायर आला, खिडक्या बंद झाल्या, आणि पुढचे चार महिने आम्ही त्या यंत्राच्या हिरव्या दिव्याकडे बघत बसलो. डॉक्टरकडे गेलो ते त्यानंतर. तेव्हा कळलं की आप्पांचं बी-१२ जीवनसत्त्व तळाला गेलं होतं आणि उजव्या कानाने त्यांना जवळजवळ ऐकूच येत नव्हतं.

म्हणजे हवेचा काही संबंध नव्हता असं मुळीच नाही. पण आमचा क्रम चुकला. तुमचा चुकू नये म्हणून हे लिहिते आहे. मी डॉक्टर नाही, हे सगळं धावपळीतून आणि प्रश्न विचारून शिकलेलं आहे.

आधी थोडं : हवा आणि मेंदू

पीएम २.५ म्हणजे अडीच मायक्रॉनपेक्षा लहान कण. डोक्याच्या केसाच्या जाडीच्या साधारण तिसाव्या भागाएवढे. नाकातल्या केसांना ते अडकत नाहीत, फुप्फुसात खोलवर जातात, त्यातले अगदी बारीक रक्तात उतरतात. रक्तवाहिन्यांना आतून सूज येते. मेंदूला रक्त पुरवणाऱ्या नळ्या फार बारीक असतात, त्यामुळे तिथे फटका लवकर बसतो. काही कण नाकातल्या वासाच्या मज्जातंतूवरून थेट वर सरकतात असंही मानलं जातं. २०१६ मध्ये मेक्सिको सिटी आणि मँचेस्टर इथल्या मृत व्यक्तींच्या मेंदूत मॅग्नेटाइट या लोहयुक्त खनिजाचे अतिसूक्ष्म कण सापडले. त्यातल्या बऱ्याच कणांचा गोल, वितळून थिजल्यासारखा आकार ज्वलनातून तयार होणाऱ्या कणांचा होता.

कॅनडातल्या ऑन्टॅरिओ प्रांतातला अभ्यास मला जास्त जवळचा वाटला. २०१७ मध्ये तो ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. मोठ्या रस्त्यापासून ५० मीटरच्या आत राहणाऱ्यांत डिमेन्शियाचं, म्हणजे स्मृतिभ्रंशाचं, प्रमाण ३०० मीटरपलीकडच्यांपेक्षा ७ टक्के जास्त होतं. ५० ते १०० मीटरला ४ टक्के, १०१ ते २०० मीटरला २ टक्के. त्यापुढे फरक दिसला नाही. चाळीस पावलं म्हणजे किती मीटर, हे मी त्या दिवशी टेप घेऊन मोजलं.

पण ‘लॅन्सेट’च्याच डिमेन्शिया आयोगाने २०२४ मध्ये दिलेली यादीही बघा. आपल्या हातात असलेली १४ कारणं : कमी शिक्षण, कमी ऐकू येणं, नजर अधू होणं, उच्च रक्तदाब, मधुमेह, वाईट कोलेस्टेरॉल, लठ्ठपणा, धूम्रपान, जास्त दारू, नैराश्य, बसून राहणं, डोक्याला मार, एकटेपणा आणि प्रदूषित हवा. ही सगळी मिळून जवळपास ४५ टक्के डिमेन्शिया टाळता किंवा लांबवता येईल असा त्यांचा हिशेब. त्यात हवेचा वाटा साधारण ३ टक्के, ऐकू न येण्याचा ७. मी प्युरिफायर घेतला आणि कान तपासला नाही, तो मूर्खपणा या दोन आकड्यांत मावतो.

१. वही घाला

चाळीस पानी पुरे. तारीख, वेळ, काय घडलं, आदल्या रात्री झोप कशी होती, आणि त्या दिवशी हवा कशी होती. डॉक्टर पहिला प्रश्न विचारतात, ‘कधीपासून?’ आणि घरातले चार जण चार उत्तरं देतात. नवरा म्हणाला दिवाळीपासून, सासूबाई म्हणाल्या ‘काही झालेलं नाही त्यांना’, नणंद पुण्याहून फोनवर म्हणाली दोन वर्षं झाली.

विशेषणं लिहू नका, प्रसंग लिहा. ‘हल्ली फार विसरतात’ याचा कुणालाच उपयोग नाही. ‘मंगळवारी चारला चहा घेतला, वीस मिनिटांनी पुन्हा मागितला, घेतल्याचं आठवत नव्हतं’ याचा होतो. एखाद्याचं नाव ऐनवेळी न सुचणं आणि रात्री झोपताना आठवणं, हे वयाचं. रोजचा रस्ता चुकणं, पैशांचा हिशेब न लागणं, तोच प्रश्न तासात पाच वेळा, पन्नास वर्षं करत आलेल्या भाजीत काय घालायचं ते न सुचणं, हे लिहून ठेवण्यासारखं.

सापळा : त्यांच्यासमोर लिहू नका. आप्पांच्या हाती ती वही लागली. ‘माझे गुन्हे नोंदवतेस काय गं?’ म्हणाले आणि दोन दिवस बोलले नाहीत. तेव्हापासून मी त्यांच्या शुगर-बीपीच्या वहीतच मागच्या पानापासून लिहिते.

आणि एक, हे वहीसाठी नाही : बरा असलेला माणूस एक-दोन दिवसांत अचानक असंबद्ध बोलायला लागला, गुंगीत गेला, तर त्याच दिवशी दवाखाना. लघवीचा संसर्ग, रक्तातलं सोडियम किंवा साखर उतरणं, काहीही असू शकतं. तोंड वाकडं झालं, बोबडी वळली, एका हातातली ताकद गेली तर मिनिटं मोजायची असतात.

२. अपॉइंटमेंट आत्ताच घ्या, हवेचं काम वाट बघताना करा

हा सगळ्यात महत्त्वाचा टप्पा आणि इथेच लोक लांबवतात. आधी तुमच्या नेहमीच्या फिजिशियनकडे जा, तिथून न्यूरॉलॉजिस्ट किंवा मानसोपचारतज्ज्ञ. मानसोपचार म्हटलं की घरात तोंडं वाकडी होतात. आमच्याकडे झाली. ‘मेमरीचे डॉक्टर’ म्हणा, आप्पांना तसंच सांगितलं.

बरोबर काय न्यायचं :

– आधारकार्ड, मागच्या दोन-तीन वर्षांचे सगळे रिपोर्ट, जुने स्कॅन असतील तर फिल्मसकट
– चालू असलेल्या गोळ्यांच्या पट्ट्या, यादी नव्हे. पिशवीत भरा, डब्यातल्या सुट्या गोळ्यासुद्धा
– चष्मा आणि असेल तर श्रवणयंत्र. चष्मा घरी राहिला तर चाचणीत मार्क जातात आणि ते विसराच्या खात्यात जमा होतात
– ती वही
– त्यांच्याबरोबर रोज राहणारं माणूस. पुण्याहून आलेली मुलगी चालणार नाही

गोळ्यांच्या पट्ट्यांबद्दल जरा थांबून सांगते. आप्पा पंधरा वर्षं मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेतात, ॲसिडिटीची गोळी रोज सकाळी, आणि घरात मांसाहार नाही. या तिन्ही गोष्टी बी-१२ उतरवतात. आमच्याकडे तिन्ही एकत्र आणि आठ वर्षांत एकदाही तपासणी नाही. दुसरं, नाशकातल्या थंडीत सर्दी झाली की कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून आणलेली गोळी. सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांत क्लोरफेनिरामिन असतं. तरुणाला त्याने नुसती झोप येते, म्हाताऱ्या माणसाला गोंधळायला होतं. झोपेच्या गोळ्यांचंही तसंच. वहीत आप्पांचे सगळ्यात वाईट तीन दिवस सर्दीच्या गोळीचे निघाले. मी ते हवेच्या रकान्यात धरले होते.

डॉक्टर बहुधा रक्ताच्या तपासण्या सांगतात : हिमोग्राम, साखर, थायरॉइड, बी-१२, सोडियम, किडनी. मग डोक्याचा एमआरआय किंवा सीटी. आणि तोंडी-लेखी चाचणी, ३० गुणांची. आज तारीख काय, शंभरातून सात वजा करत जा, तीन शब्द लक्षात ठेवा, घड्याळ काढा. आप्पांनी वर्तुळ झकास काढलं, पोस्टाच्या शिक्क्यासारखं. मग बारा ते सहा असे आकडे उजव्या बाजूला नीट बसवले, पुढचे आकडे त्यांच्याच खाली दाटीवाटीने कोंबले आणि डावी बाजू कोरी ठेवून कागद परत दिला. ‘झालं,’ म्हणाले. मी खिडकीबाहेर बघत राहिले.

शिक्षण कमी असेल तर या चाचणीत गुण आपोआप कमी पडतात, म्हणून शिक्षण किती हे आधीच सांगा. मराठीत घ्या म्हणून सांगा. आणि कान तपासल्याशिवाय घरी येऊ नका. शब्द ऐकूच आला नाही तर तो आठवणार कुठून?

पैशाचं : ७० वर्षं पूर्ण झालेल्या कुणालाही उत्पन्न न बघता आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं, वर्षाला ५ लाखांपर्यंत. आधार लागतं. काढून ठेवाच, पण ते दवाखान्यात दाखल झाल्यावरचं आहे. ओपीडीची फी आणि रोजच्या गोळ्या त्यात धरू नका. आम्ही धरल्या होत्या.

३. हवेचा आकडा वाचायला शिका

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं ‘समीर’ नावाचं ॲप आहे, फुकट. नाशिकमध्ये गंगापूर रोड, हिरावाडी, पांडवनगरी आणि अंबड एमआयडीसी या नावांची केंद्रं दिसतात. तुमच्या घराजवळचं निवडा. एखाद्या दिवशी आकडा नसतो, तेव्हा दुसरं बघा.

आपल्याकडचा हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक (एक्यूआय) असा वाचायचा : ५० पर्यंत चांगली, १०० पर्यंत समाधानकारक, २०० पर्यंत मध्यम, ३०० पर्यंत वाईट, ४०० पर्यंत अतिवाईट, त्यापुढे गंभीर. ‘मध्यम’ या शब्दावर जाऊ नका. सरकारी तक्त्यातच मध्यम हवेपुढे लिहिलंय की दम्याच्या आणि हृदयाच्या रुग्णांना, मुलांना आणि वृद्धांना त्रास होऊ शकतो. आमच्या घरी १०० ही लक्ष्मणरेषा आहे.

तीन सापळे :

पहिला, फोनवरची बरीच हवामानाची ॲप अमेरिकी मोजपट्टी वापरतात. पीएम २.५ जर घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम असेल तर आपल्या मोजपट्टीवर निर्देशांक १०० येतो, अमेरिकी मोजपट्टीवर दीडशेच्या वर. हवा तीच. नवऱ्याच्या फोनवर एक, माझ्या फोनवर दुसरा, यावरून आमची दोन वेळा भांडणं झाली.

दुसरा, अधिकृत निर्देशांक मागच्या २४ तासांची सरासरी धरून काढतात. पहाटे सहाला धूर कोंडलेला असला तरी दिवसाचा आकडा ‘समाधानकारक’ दिसू शकतो. म्हणून दर तासाचा पीएम २.५ बघायची सवय लावा.

तिसरा, ‘मर्यादेत आहे’ म्हणजे कुणाच्या मर्यादेत? पीएम २.५ ची आपल्याकडची वार्षिक मर्यादा ४० मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सांगितलेली ५. नाशिक २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमातल्या शहरांत आहे. त्या यादीत नाव जातं ते हवेची मानकं न पाळता आलेल्या शहरांचं. ‘आमच्या नाशकाची हवा म्हणजे काय’ हे वाक्य आपण सगळेच मुंबईच्या पाहुण्यांना ऐकवतो, म्हणून मुद्दाम सांगितलं.

आता आप्पाच रोज सकाळी विचारतात, ‘आज काय भाव?’ लासलगावच्या कांद्याचा विचारावा तसा.

४. घराभोवती एक फेरी मारा

संध्याकाळी सातला आणि पहाटे सहाला, दोनदा. मोठा रस्ता किती लांब, सिग्नलला गाड्या कुठे उभ्या राहतात, पालापाचोळा कोण जाळतं, बेकरीची किंवा हॉटेलची भट्टी कुठे आहे, सध्या कुठला रस्ता खोदलाय. सिंहस्थाच्या तयारीची कामं चालू असलेल्या भागात खडी-मातीची धूळ वेगळी धरा. सातपूर-अंबडच्या बाजूला कारखाने, नाशिकरोडकडे एकलहऱ्याचं औष्णिक वीज केंद्र, द्वारका-मुंबई नाक्याला वाहनं. प्रत्येक भागाचं दुखणं निराळं, म्हणून शेजारच्या कॉलनीतला उपाय तुमच्याकडे लागू पडेलच असं नाही.

आमच्या फेरीत निघालं ते असं : रात्रपाळीचा वॉचमन डिसेंबरात गेटपाशी शेकोटी करायचा. लाकडं, पुठ्ठे, आणि लाकडं संपली की प्लॅस्टिकच्या पिशव्या. धूर सरळ पहिल्या मजल्यावर आप्पांच्या खोलीत. त्याच्यावर ओरडून काय होणार, थंडी त्यालाही वाजतेच. सोसायटीने त्याला जाड घोंगडी, थर्मास आणि केबिनला दार करून दिलं. शेकोटी थांबली. माझ्या प्युरिफायरच्या एका हप्त्यापेक्षा हा खर्च कमी होता.

मग खोल्यांची अदलाबदल केली. रस्त्याकडची खोली आम्ही घेतली, मागची आप्पा-आईंना दिली. भाडं नाही, बिल नाही, एका रविवारचं काम.

५. घरातला धूर : इथे सगळ्यात जास्त मिळवता येतं

बाहेरची हवा तुमच्या एकट्याच्या हातात नाही. घरातली आहे. आणि म्हातारी माणसं दिवसातले वीस-बावीस तास घरातच असतात.

मच्छर कॉइल. आधी ही बंद. २००३ मधल्या एका अभ्यासात एक कॉइल जळून जेवढे पीएम २.५ कण बाहेर पडतात ते ७५ ते १३७ सिगारेटींएवढे भरले. गोदाकाठच्या भागात डास आहेत, मान्य, पण मच्छरदाणी लावा. आप्पा आधी ‘काय बाळंतिणीसारखं’ म्हणाले. आता स्वतःच खोचतात.

उदबत्ती आणि धूप. हा नाजूक विषय, सुनेने तर फारच जपून काढावा. चंदनाचा असला तरी धूर तो धूरच. सासूबाई सकाळ-संध्याकाळ धूप घालायच्या, दार-खिडक्या लावून, ‘घरभर वास फिरावा’ म्हणून. मी बंद करा म्हटलं नाही. ‘आई, धूप तुळशीपाशी गॅलरीत घालू या का, देवापुढे तुपाचं निरांजन ठेवू’ असं म्हटलं. आठवडाभर मौन. मग एका गुरुवारी धूपदाणी आपोआप गॅलरीत गेली.

फोडणी. एक्झॉस्ट पंखा फोडणीच्या आधी लावायचा, मिरचीने ठसका लागल्यावर नव्हे, आणि गॅस बंद केल्यावर दहा मिनिटं चालू ठेवायचा. चिमणी घेणार असाल तर धूर नळीने घराबाहेर टाकणारी घ्या. बिनानळीची चिमणी तेल धरते, बाकीची हवा पुन्हा स्वयंपाकघरातच सोडते.

बंब. जुन्या नाशकातल्या वाड्यांत अजून आहेत. ढलप्या, नारळाच्या करवंट्या, आणि पेटवायला प्लॅस्टिक. माझ्या माहेरी होता. त्या पाण्याची सर गिझरला नाही हे मला माहीत आहे. तरी घरात वयस्कर माणूस असेल तर निदान तो उघड्यावर न्या आणि प्लॅस्टिक घालू नका.

गॅस गिझर. हे ठळक लिहून घ्या. बंद बाथरूममध्ये गॅस गिझर असेल तर कार्बन मोनॉक्साइड साठतो. वास नाही, रंग नाही. माणूस आत बेशुद्ध पडतो, आणि वाचला तरी पुढे कित्येक दिवसांनी स्मरणशक्ती आणि वागणं बिघडू शकतं. गिझर बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेत बसवून घ्या. हे काम या आठवड्यात करा.

झाडू. कोरड्या झाडूने बसलेली धूळ पुन्हा हवेत उडते. आधी ओलं फडकं.

६. फिरायला जाऊ द्या, वेळ बदला

‘हवा वाईट आहे, घरी बसा’ हा सगळ्यात वाईट सल्ला. बसून राहणं आणि एकटेपणा दोन्ही त्या चौदांच्या यादीत आहेत. शिवाय आयुष्यभर टपाल घेऊन फिरलेल्या माणसाला घरी बसवणार कोण?

आप्पांची वेळ पहाटे पाचची, सर्व्हिस रोडने. ‘पहाटेची हवा शुद्ध’ हे आपण लहानपणापासून ऐकत आलोय. पावसाळ्यात ठीक आहे. पण दिवाळीनंतर फेब्रुवारीपर्यंत, जेव्हा इकडे निफाडला पारा घसरल्याच्या बातम्या येतात, तेव्हा रात्री जमीन गार पडते, तिच्यालगतची हवा गार आणि जड होऊन खालीच बसते, वर उबदार हवेचं झाकण. रात्रभराचा धूर त्या झाकणाखाली. ऊन वर येऊन जमीन तापली की ते उठतं. म्हणून हिवाळ्यात साडेनऊ-दहानंतर. आणि रस्त्याने नको, मैदानात : गोल्फ क्लब, कृषीनगरचा जॉगिंग ट्रॅक, किंवा जवळची कुठलीही बाग जिला कडेने झाडं आहेत. वाहत्या रस्त्यापासून दोनशे मीटर आत गेलं तरी फरक पडतो.

अडचण हवेची नव्हतीच, कंपूची होती. पाच वाजता गेले नाहीत तर मित्र भेटणार नाहीत. मी कंपूतल्या दोघांच्या घरी फोन केले, सुनांना. महिनाभरात अख्खा कंपू दहाचा झाला. म्हातारे एकमेकांचं ऐकत नाहीत, पण सगळ्यांच्या घरून एकच कटकट सुरू झाली की नमतात.

खिडक्यांचंही तसंच. हिवाळ्यात सकाळी नऊ-दहापर्यंत आणि संध्याकाळी सहानंतर रस्त्याकडच्या बंद, दुपारी उघड्या. चोवीस तास बंद ठेवलं की आतलाच धूर आणि ओल साठते.

७. मास्क आणि प्युरिफायर, सगळ्यात शेवटी

मास्क एन-९५, नाकावर आणि गालांवर घट्ट बसणारा. रुमाल आणि कापडी मास्क बारीक कण फारसे अडवत नाहीत. दम लागत असेल, हृदयाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारून. आप्पा पाच मिनिटांत हनुवटीवर घेतात, त्यामुळे मी मास्कवर फार भरवसा ठेवत नाही.

प्युरिफायर घ्यायचाच तर आधी हिशेब. १० बाय १२ ची खोली, १० फूट उंची, म्हणजे १२०० घनफूट, सुमारे ३४ घनमीटर. तासाला पाच वेळा हवा गाळायची तर यंत्राचा सीएडीआर, म्हणजे ते तासाला किती स्वच्छ हवा देतं तो आकडा, ताशी १७० घनमीटर तरी हवा. खोक्यावर हा आकडा नसेल तर ते खोकं दुकानातच ठेवा. फिल्टर हेपा, म्हणजे अगदी बारीक कण अडवणारा, असावा. ओझोन सोडणारी आयोनायझरवाली यंत्रं नकोत, ओझोन स्वतःच फुप्फुसाला त्रास देतो. नवीन फिल्टरची किंमत आधी विचारा, आमचा नऊ महिन्यांत काळा पडला. ठेवायचा झोपायच्या खोलीत, दार लावून. आम्ही पहिले चार महिने तो हॉलमध्ये ठेवला होता, कारण आलेल्या-गेलेल्याला दिसायला हवा.

८. नंबर आणि चिठ्ठी

ज्येष्ठांसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४५६७. तुमचाच धीर सुटला तर मानसिक आरोग्याची हेल्पलाइन टेली-मानस १४४१६, तिथे मराठीतून बोलता येतं. मी एकदा रात्री फोन केला होता, आप्पांसाठी नाही, माझ्यासाठी. कचरा उघड्यावर जाळायला बंदी आहे, राष्ट्रीय हरित लवादाने २०१६ मध्येच ५ हजारांचा दंड ठरवलाय, मोठ्या प्रमाणावर जाळला तर २५ हजार. महापालिकेकडे तक्रार करताना फोटो, वेळ आणि जवळची खूण द्या.

आमच्याकडे बी-१२ ची इंजेक्शनं झाली, कानाला यंत्र बसलं. त्याने आप्पा बरेच सावरले, पूर्ण नाही. एमआरआयमध्ये मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्यांचे जुने डाग आहेत. त्यात बीपी किती, साखर किती आणि महामार्ग किती, हे वेगळं काढून सांगता येत नाही असं डॉक्टर म्हणाले.

शेवटची वस्तू फुकटची आहे. त्यांच्या सदऱ्याच्या खिशात कायम एक चिठ्ठी : नाव, पत्ता, दोन फोन नंबर, ‘मधुमेह आहे’. मी ती छान अक्षरात लिहून, प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून आप्पांना दिली. त्यांनी चष्मा लावून वाचली, खिशातलं पेन काढलं आणि पिनकोडचा एक आकडा खोडून दुरुस्त केला. मी पडताळून पाहिलं. माझाच चुकला होता.